एसजीएमला "नुसती चर्चा" म्हणणारा मेसेज पुढे पाठवू नका

ठाण्यात नौपाडा, वर्तकनगर, जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट चाललीय आणि नेमका आत्ताच सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय की एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, हीच खरी सभा; एसजीएम, म्हणजे विशेष सर्वसाधारण सभा, ही नुसती चर्चा, ती फक्त कमिटीच बोलावू शकते आणि तिच्यात आयत्या वेळी कुठलाही विषय घेता येतो. तिन्ही गोष्टी चूक आहेत, आणि असलं वाचून लोक सभेला येतच नाहीत याचा मला मनापासून राग येतो.

"नुसती चर्चा" म्हणे! अहो, दोन्ही सभा जनरल बॉडीच्याच, म्हणजे सगळ्या सभासदांच्या. एजीएम वर्षातून एकदा, ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यात ताळेबंद, ऑडिट वगैरे ठरलेले विषय. एसजीएम काम निघेल तेव्हा. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या जीआरप्रमाणे (शासन निर्णय) रिडेव्हलपमेंटचा निर्णय विशेष सभेतच होतो, कोरम (किमान हजेरी) दोन तृतीयांश सभासदांचा आणि होकार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के लोकांचा. आपली बिल्डिंग पाडायची की नाही हे जिथे ठरतं तिथला ठराव बंधनकारक नाही असं कसं म्हणता?

फक्त कमिटीच बोलावते, हेही खोटं. १९६० च्या सहकार कायद्याचं कलम ७६ काढून बघा, एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की महिन्याभरात सभा बोलवावीच लागते, बायलॉजमध्ये (सोसायटीच्या उपविधींमध्ये) आकडा याहून कमी असेल तर तो धरायचा. म्हणजे ६० फ्लॅटच्या सोसायटीत १२ सभासदांच्या सह्या पुरतात. पण सही करून घरी बसायचं नाही हं, अशा सभेला अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर ती पुढे ढकलत नाहीत, रद्दच होते.

आयत्या वेळच्या विषयांचं तर बरोबर उलटं आहे. एजीएमच्या अजेंड्यात शेवटी "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे विषय" असतं, एसजीएमला ती सोयच नाही. नोटिशीत "लिफ्ट बदलणे" एवढंच लिहिलं असेल तर त्याच सभेत पार्किंगचे चार्जेस वाढवता येत नाहीत. आदर्श उपविधींप्रमाणे एजीएमची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, एसजीएमची ५ दिवस, आणि ५ दिवस मला तरी फार कमी वाटतात, सकाळची लोकल पकडून रात्री घरी येणारा माणूस बोर्ड बघणार कधी? म्हणून नोटीस लागली की फोटो काढून ठेवा, मिनिट्समध्ये (सभेच्या इतिवृत्तात) भलताच ठराव दिसला तर तोच फोटो जोडून सेक्रेटरीकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.