सख्खा भाऊ असला म्हणून किडनी बसत नाही

श्वानप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो: ‘कुत्र्याची किडनी निकामी झाली तर एकाच विणीतल्या भावाची, नाहीतर त्याच जातीच्या कुत्र्याची बसवता येते. कुत्र्याचं शरीर परका अवयव नाकारत नाही. रक्त तर कुठल्याही कुत्र्याचं चालतं.’

आधी भावाचं बघू. शरीर आपलं-परकं ज्यावरून ओळखतं ती डीएलए जनुकं पिल्लाला एक संच आईकडून, एक बापाकडून अशी मिळतात. आईबापांकडे प्रत्येकी दोन संच, म्हणजे दोन भावंडं पूर्ण जुळण्याची शक्यता साधारण चारात एक. तीही बाप एकच असेल तर! एका विणीत दोन बापांची पिल्लं असू शकतात आणि रस्त्यावरच्या कुत्रीच्या बाबतीत बापाची चौकशी करणार कुठे? बरं, डीएलए जुळलं तरी बाकीचे बारीक फरक उरतातच. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नसतील तर तेवढेही किडनी घालवायला पुरतात.

जातीचं थोडक्यात. नात्यातल्या पैदाशीमुळे डीएलएची विविधता घटते, पण एका जातीतही अनेक वेगवेगळे संच असतात. दोन लॅब्रेडॉर दिसायला सारखे, इतकंच.

‘नाकारत नाही’ ही तर कमालच आहे. परका अवयव शरीर कसं नाकारतं, हे डॉक्टर बऱ्याच अंशी कुत्र्यांवरच शिकले. दुसऱ्या कुत्र्याची किडनी औषधांविना आठवडा-दहा दिवसांत बंद पडते. डॉक्टर डोनल थॉमस यांनी 1950च्या दशकात अमेरिकेतल्या कूपरस्टाउनला कुत्र्यांत अस्थिमज्जा (हाडातला रक्तपेशी तयार करणारा गर) बसवून पाहिली, तेव्हा बहुतेक कुत्री दगावली. पुढे सिॲटलमध्ये डीएलए तपासून निवडलेली भावंडं आणि जोडीला मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, असं केल्यावर बरीच जगू लागली. थॉमस यांना 1990 साली नोबेल मिळालं. सिॲटलमध्येच नंतर असंही दिसलं, की आधी दात्याची मज्जा रुजून दोघांच्या रक्तपेशी एकत्र नांदू लागल्या, तर त्याच दात्याची किडनी औषधांशिवाय टिकते. म्हणजे सहनशीलता येते, पण ती किरणं आणि औषधं देऊन, जुळणारा दाता शोधून घडवावी लागते. मांजरांत किडनी प्रत्यारोपण अमेरिकेत 1980च्या दशकापासून होतंय; कुत्र्यांत निकाल इतके वाईट, की ते फारसं कुणी करत नाही.

राहिलं रक्त. पहिली बाटली बहुतेकदा निभावते, कारण डीईए 1 या मुख्य रक्तगटाविरुद्ध कुत्र्यात जन्मजात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) नसतात. गोम अशी, की डीईए 1 निगेटिव्ह कुत्र्याला पॉझिटिव्ह रक्त गेलं की काही दिवसांत ती तयार होतात आणि पुढच्या वेळी दिलेल्या लाल पेशी फोडून टाकतात. गोचीडतापात हिमोग्लोबिन घसरलं की दुसऱ्यांदा रक्त द्यायची वेळ येऊ शकते. तेव्हा आधी रुग्णाचा प्लाझ्मा आणि दात्याच्या लाल पेशी एकत्र करून गुठळ्या होतात का, हे पाहायला सांगा. त्याला क्रॉसमॅच म्हणतात. आधी रक्त कधी दिलं होतं, ती तारीख फाइलवर असू द्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.