खुलासा: ‘शिडाच्या बोटीला मोठ्या जहाजाने वाट द्यायचीच असते’ हे अर्धसत्य आहे

शिडाच्या बोटीला इंजिनाच्या जहाजाने नेहमी वाट द्यावी, असा संदेश फिरतो आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमांतला १८ वा नियम खुल्या समुद्रात साधारण तसेच सांगतो. पण नियम १० नुसार, आखलेल्या जहाजमार्गाने चाललेल्या यांत्रिक जहाजाला शिडाच्या किंवा २० मीटरपेक्षा लहान बोटीने अडथळा करायचा नाही. अरुंद जलमार्गात, फक्त तिथूनच सुरक्षित जाऊ शकणाऱ्या जहाजाबाबत नियम ९ हेच सांगतो.

आखलेला जहाजमार्ग ओलांडताना बोटीचे नाक वाहतुकीच्या दिशेला काटकोनात ठेवा. प्रवाह बाजूला नेत असला तरी तो भरून काढण्यासाठी नाक तिरपे करू नका. नियम १० नाकाच्या दिशेबद्दल आहे, पाण्यावरच्या प्रत्यक्ष वाटेबद्दल नाही. शिवाय काटकोनातली बोट जहाजावरून स्पष्ट ओळखू येते आणि मार्गातून लवकर बाहेर पडते.

वेळेचा हिशेब इथे निर्णायक ठरतो. २० नॉटने (ताशी २० सागरी मैल) येणारे जहाज १ सागरी मैल ३ मिनिटांत कापते. ५ नॉटच्या बोटीला तेवढ्याच अंतराला १२ मिनिटे लागतात. म्हणून आपल्या बोटीवरून जहाज कोणत्या दिशेला दिसते, ते हातातल्या होकायंत्राने दर दोन-तीन मिनिटांनी मोजा. अंतर घटतेय आणि ही दिशा बदलत नाही, म्हणजे टक्करीचा धोका आहे. फार मोठ्या किंवा अगदी जवळच्या जहाजाची ही दिशा बदलली तरी धोका उरतो. वळायचे तर लवकर आणि ठळक वळा. पाच-पाच अंशांची वळणे समोरच्याला कळतच नाहीत. वारा पडला तर इंजिन लगेच सुरू करा. जहाजाच्या नाकासमोरून निसटण्यापेक्षा त्याच्या मागून जा.