‘मोकळं’ म्हणजे किती?

जर्मन भाषेचा गंध नसलेल्या माणसाला जर्मन नटांचे नाटक बसवायला बोलावणे हा निदान तिकडच्या लोकांना वेडेपणा वाटत नाही, असे मी निमंत्रण आल्यावर स्वतःला पटवून दिले. त्यासाठी इतिहासही हाताशी होता. गेऑर्ग फोर्स्टरने १७९१ साली शाकुंतल जर्मनमध्ये नेले ते संस्कृतवरून नव्हे, तर विल्यम जोन्सच्या इंग्रजी भाषांतरावरून, आणि ते वाचून गटेसारखा कवी हरखून गेला. म्हणजे मूळ भाषा न येता तिच्यावर जीव टाकण्याची रीत त्या देशात जुनीच आहे. पुढे विजया मेहता यांनी त्या वेळच्या पूर्व जर्मनीत, वायमार आणि लाइपझिग येथे, जर्मन नटांकडून संस्कृत नाटके करून घेतली, आणि वायमारचा दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ याने मुंबईत येऊन मराठी नटांबरोबर जर्मन नाटककार ब्रेश्टचे नाटक बसवले. हे सगळे दाखले देऊन मित्रांनी मला विमानात बसवले. विजयाबाई या विजयाबाई होत्या, हा मुद्दा मात्र कोणी काढला नाही.

नाटक ठरले होते शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’, आणि गाव जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातले. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारी सुमारे १४० नाट्यगृहे आहेत, त्यांतले हे एक. नट पगारी, कायम नेमणुकीचे. सकाळी १० ते दुपारी २ आणि संध्याकाळी ६ ते रात्री १० तालीम. रेल्वे, पाऊस किंवा घरची पूजा यांपैकी कोणतेही कारण घेऊन उशिरा येणारा एकही नट नसल्यामुळे, आपल्याकडे दिग्दर्शकाला विचार करायला जी पहिली पाऊण तासाची सवड आपोआप मिळते, ती तिथे मिळाली नाही.

माझ्या दिमतीला दिलेली दुभाषी पुण्याची होती. मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून ती तिकडे धातूंना गंज कसा चढतो यावर संशोधन करीत होती. तिचे जर्मन उत्तम, मराठी स्वच्छ आणि स्वभाव प्रयोगशाळेतला. पहिल्याच तालमीत नायक चारुदत्ताचे काम करणारा नट फार आखडून बोलतो आहे, असे मला वाटले. तीस वर्षे मराठी नटांना सांगत आलो तेच मी सांगितले, की जरा मोकळं होऊ दे.

“सर, मोकळं म्हणजे किती?” तिने विचारले.

“अगं, मोकळं म्हणजे मोकळं. आतून.”

“आतून म्हणजे आवाज, की खांदे? मी त्याला नुसतं ‘मोकळं’ सांगितलं, तर तो विचारणारच की आत्ता कुठे बांधलंय.”

मी नाइलाजाने खांदे म्हणालो. तिने त्याला काय सांगितले कोणास ठाऊक, पण त्याने खांदे दोन बोटे खाली सोडले आणि खरोखरच चारुदत्त त्याच्यात दिसू लागला. ‘आतून’, ‘जरा’, ‘थोडं अजून’ आणि ‘मजा येत नाहीये’ या चार शब्दांवर माझी सारी कारकीर्द उभी होती, हे त्या क्षणी माझ्या ध्यानात आले.

वास्तविक या मोजमापाची चुणूक आधीच मिळायला हवी होती. आपल्याकडे नेपथ्य टेम्पोतून उतरते ते रंगीत तालमीच्या दिवशी, आणि तोवर चार खुर्च्यांनाच नट निमूटपणे दिवाणखाना मानतात. जर्मन नाट्यगृहात मात्र नटांच्या तालमी सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी कच्च्या लाकडाचे आणि कापडाचे नेपथ्य खऱ्या मापाने रंगमंचावर उभे करून बघतात. त्याला बाउप्रोब म्हणतात. मी त्यासाठी मुद्दाम एक वेगळी फेरी केली, आणि तेव्हा तंत्रविभागाच्या प्रमुखाने विचारले, की शर्विलक चोरीसाठी भिंतीला भोक पाडतो ते किती उंच? माणूस वाकून आत जाईल एवढे, असे मी म्हणालो. कोणता माणूस, आणि किती वाकून, असा प्रतिप्रश्न आला. शूद्रकाचा शर्विलक मापाचा दोरा घरी विसरतो आणि सरळ गळ्यातल्या जानव्याने भिंत मापतो. मला ती सोय नव्हती.

पण भोकाची उंची हे प्रकरण किरकोळ ठरले; खरी पंचाईत आकाराची होती. मूळ संहितेत शर्विलक चौर्यशास्त्राला धरून भोकाचे सात आकार मोजून दाखवतो: उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर वगैरे, आणि त्यांत एक स्वस्तिक. वाचनाच्या तालमीला ही ओळ आली आणि ड्रामाटुर्ग, म्हणजे संहितेची राखण करणारा तिथला विद्वान अधिकारी, पांढराफटक पडला. नात्सींच्या त्या चिन्हाच्या जाहीर वापरावर जर्मनीत कायद्याने बंदी आहे. कलेला सूट असली, तरी त्या सुटीचा फायदा घेण्याची हौस त्या खोलीत कोणालाच नव्हती. तातडीने बैठक भरली. ती पूर्णपणे जर्मनमध्ये आणि पूर्णपणे माझ्याविषयी होती. शेवटी मी दुभाषीकरवी एवढेच निवेदन केले, की शर्विलक हा अत्यंत सुसंस्कृत चोर असून भिंत भाजलेल्या विटांची आहे हे पाहून तो पूर्णकुंभाचा आकार निवडतो, बाकीचे आकार तो फक्त बोलून दाखवतो. हे ऐकून सर्वांना हायसे वाटले, आणि स्वस्तिक तरीही कापले गेले. त्यांचे बरोबरच होते, असे माझेही मत आहे. फक्त सहा आकारांत श्लोकाचा ताल एका पायाने लंगडतो, आणि हे जाणणारा त्या इमारतीत मी एकटाच होतो.

भाषा न येणाऱ्या दिग्दर्शकाने तालमीत पाहावे कुठे, हा प्रश्न पहिल्या दिवशी पडतो. मांडीवरच्या मराठी प्रतीत बोट ठेवून मी मागोमाग जात असे. पण नट एखाद्या ओळीवर रेंगाळला, की माझे बोट पुढच्या प्रवेशात पोहोचलेले असे. मग मी प्रॉम्प्टरबाईंकडे पाहू लागलो. तिथे प्रॉम्प्टर हे पगारी पद आहे. बाई तालमीत पहिल्या रांगेत बसतात, हातात पेन्सिल असते, आणि नटाने ‘आणि’च्या जागी ‘पण’ म्हटले, तरी ती पेन्सिल कागदाला टेकते. आमच्या दोघांत एकही समान भाषा नव्हती, तरी नट पदरचे बोलतो आहे हे मला तिच्या भुवईवरून समजत असे. नट खोटे बोलतो आहे हे मात्र माझे मलाच समजे. अर्थ कळत नसला, की कान स्वरावर बसतो, आणि स्वराला शब्दांमागे लपता येत नाही.

विनोदाची कथा वेगळी. शकार हा शूद्रकाचा अस्सल मूर्ख; नायिका वसंतसेनेचा पाठलाग करताना तो म्हणतो, की रामाला भिऊन द्रौपदी पळावी तशी का पळतेस? या वाक्याला मराठी प्रेक्षक हमखास हसतो. वाचनात जर्मन नट अत्यंत आदराने गप्प राहिले, कारण द्रौपदी रामाला भिऊन पळाली असेल, तर ती त्यांना आमची परंपरा वाटली. ड्रामाटुर्गने त्यांच्या घरचा घोटाळा सुचवला, की गटेच्या फाउस्टमधली ग्रेटखेन जुन्या जर्मन महाकाव्यातल्या झीगफ्रीडला भिऊन पळते. सगळे खो खो हसले, आणि त्यांच्यानंतर शिष्टाचार म्हणून मीही हसलो. पण शूद्रकाच्या उज्जयिनीत झीगफ्रीड मला झेपेना. अखेर मूळ वाक्य ठेवून शकाराबरोबरच्या विटाला, म्हणजे त्याच्या सुशिक्षित सोबत्याला, मी सांगितले, की हे ऐकताच शरमेने डोळे मिटून घे.

“किती वेळ?” दुभाषीने विचारले.

“दोन सेकंद,” मी एका दमात म्हणालो. तोवर मी सुधारलो होतो.

विटाने डोळे मिटले आणि तालीम पाहायला आलेले शिवणखात्याचे लोक फिस्सकन हसले. राम कोण, द्रौपदी कोण याची गरजच उरली नाही.

पहिल्या प्रयोगाआधी नारळ वाढवण्यासाठी अग्निशमन दलाचा जवान, सुरक्षा अधिकारी आणि मागचे अंगण एवढा सरंजाम लागला, कारण उदबत्ती ही त्यांच्या लेखी उघडी ज्योत होती आणि नारळाचे कवच कुठवर उडते याची माहिती कोणाकडेच नव्हती. प्रयोग चांगला झाला. टाळ्यांच्या वेळी कोणी कधी पुढे येऊन वाकायचे याचीही तिथे तालीम झालेली असते, त्यामुळे त्या एका भागात मी अगदी जर्मन नटाइतका बिनचूक होतो.

तिकडचे नाटक पहिल्या प्रयोगानंतर साहाय्यकाच्या ताब्यात जाते आणि दिग्दर्शक घरी जातो. साहाय्यक प्रत्येक प्रयोगाचा अहवाल लिहितो. तो मला पुण्यात मिळतो, अर्थात जर्मनमध्ये, आणि त्यातले मला फक्त आकडे वाचता येतात. नाटक २ तास ३८ मिनिटांचे बसवले होते. नंतरच्या एका अहवालात २ तास ४१ दिसले, त्यापुढच्यात २ तास ४५. मी तत्काळ साहाय्यकाला लिहिले, की विटाचे डोळे आता किती वेळ मिटलेले असतात ते कृपया घड्याळ लावून मोजावे, आणि शकाराला हशा संपेपर्यंत थांबण्याची परवानगी मी दिलेली नाही. दुभाषीने ते जसेच्या तसे जर्मन करून धाडले. पुढचा अहवाल २ तास ४० मिनिटांचा आला. उरलेली दोन मिनिटे कोण खातो आहे ते अजून सापडायचे आहे. माझा संशय चारुदत्ताच्या मित्रावर, विदूषक मैत्रेयावर आहे.