नानांची केळी आणि इंग्रजी कॉमा

रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाचंही इंग्रजी अडलं की ते माझ्या ओट्यावर येऊन बसतं. सध्या पाळी नानांची. त्यांची केळी यंदा दुबईला निघाली आहे आणि तिथल्या व्यापाऱ्याला ईमेल मी लिहायचे, असं ठरलंय. कुणी ठरवलं, ते विचारू नका.

नाना सांगतात, मी टाइप करतो. श्वास घ्यायला थांबलात की कॉमा द्या, असं शाळेत शिकवलेलं. पण मे महिन्यात, पारा 45 वर असताना मळ्यातून आलेल्या नानांना हा नियम लावला, तर वाक्यात शब्दांपेक्षा कॉमेच जास्त होतील. इंग्रजीला कुणाच्या दमाशी देणंघेणं नाही. ‘वादळ आलं, केळी झोपली’ हे मराठीत चोख. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडली की गुन्हा. मध्ये ‘अँड’ नाहीतर ‘सो’ आणा, किंवा सरळ पूर्णविराम द्या.

परवा दुबईची अट आली : ‘बनानाज विच आर राइप विल बी रिजेक्टेड.’ माल कच्चाच पाठवायचा असतो, तेव्हा पिकलेली तेवढी नाकारणार. रास्त आहे. आमच्या उत्तरात हे वाक्य उतरवताना नानांच्या चिरंजीवांनी, दिसायला बरं म्हणून, ‘विच’च्या आधी एक आणि ‘राइप’च्या नंतर एक कॉमा ठेवून दिला. झालं! आता अर्थ असा, की केळी सगळीच पिकलेली आहेत आणि सगळीच नाकारली जातील. अख्खा कंटेनर आम्हीच पिकवला आणि आम्हीच परत पाठवला.

मी ते दोन्ही खोडले, तर नाना म्हणाले, “राहू दे ना भो. त्याचे काय पैसे पडतात का?”

“पडतात,” म्हणत मी त्यांना अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या दूध डेअरीची गोष्ट सांगितली. कोणत्या कामांना ओव्हरटाइम नाही, त्याची कायद्यात यादी होती आणि तिच्यात शेवटच्या ‘ऑर’आधी कॉमा नव्हता. त्यामुळे ‘पाठवणीसाठी किंवा वाटपासाठी माल भरणं’ असं एकच काम धरायचं, की वाटप हे वेगळं काम, याचा उलगडा होईना. ओव्हरटाइम मागणारे डेअरीचे ड्रायव्हर वाटप करायचे, माल भरायचे नाहीत. 2017 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि 2018 मध्ये डेअरीने 50 लाख डॉलरवर तडजोड केली.

“म्हंजे कॉमा नव्हता म्हणून पैसे भेटले?”

“हो.”

“मग सगळेच काढ.”

रक्कम तरी बघा म्हणून मी कागदावर 5,000,000 लिहिलं. नानांनी चष्मा लावला, माझ्या हातातला पेन घेतला, पुढचा कॉमा खोडून एक घर सरकवला आणि 50,00,000 केलं.

“आता कसे पैसे दिसले!”