मालक, रॅम महागली

माझा फोन 31 टक्क्यांवर मरायचा. शून्यावर मरणाऱ्या फोनबद्दल माझी तक्रार नाही; तो निदान आधी सांगून, लाल दिवा दाखवून, रीतसर जातो. हा मात्र 31 टक्के मिरवत, भरल्या ताटावरून उठावं तसा उठून जायचा. परवा सात रस्त्यावर दोन डझन कडक भाकरी आणि अर्धा किलो शेंगाचटणी पिशवीत टाकून घेतली, क्यूआर स्कॅन केला, रक्कम टाकली, पिन टाकला आणि पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरता फिरता काळोखात बुडालं. मावशींनी काउंटरवरच्या डब्याकडे पाहिलं. पैसे आले की त्यातली बाई बोलते. ती गप्प.

"मालक, बाई बोलली नाय की."

"गेले असतील हो पैसे. फोन बंद पडला."

"जाऊ द्या, उद्या द्या," असं मावशी म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनी भाकऱ्यांची चवड पिशवीतून काढून हळूच स्वतःच्या बाजूला सरकवली. मी वीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहितोय. उधारीवर विश्वास नसलेला माणूस मला लांबून ओळखू येतो.

घरी येऊन फोन चार्जिंगला लावला, तर ॲपने दुसरा धक्का दिला. या फोनवर आता ते चालणार नाही म्हणे. लेकीने फोन उलटासुलटा करून निदान केलं: "बाबा, सहा वर्षं झाली याला. याचे अपडेट संपले."

"संपले म्हणजे?"

"कंपनीने द्यायचे बंद केले. जुन्या अँड्रॉइडवर बँकेची ॲप्स चालू देत नाहीत, सुरक्षित नसतं म्हणून."

आमच्या कारखान्यात माझ्या मालकांच्या वडिलांनी बसवलेला एक माग आहे. अजून खडखडतो. त्याला आजवर कुणी अपडेट दिलं नाही, तेल दिलं. माझ्या लग्नात आलेली मोराची चादर बावीस वर्षं धुतली जातेय. मोराचा रंग उतरलाय, पण अजून कुठल्याही चादरीने मला "हे पांघरूण आता तुमच्या पलंगावर चालणार नाही" असं सांगितलेलं नाही. हे मी घरात बोलून दाखवलं. बायको म्हणाली, "मग चादरीवरून पैसे पाठवा."

ठरलं. नवा फोन घ्यायचा. बजेट वीस हजार.

फोन घेण्याआधी चार जाणत्यांना विचारायचं असतं. माझ्या नशिबी चारांच्या ऐवजी एकटे मेव्हणेच पुरे. त्यांचा सल्ला तीन वर्षांपासून एकच आहे: "जरा थांबा." दिवाळीच्या आधी म्हणतात, दिवाळीत सूट मिळेल. दिवाळीत म्हणतात, जानेवारीत नवं मॉडेल येतंय, मग जुनं उतरेल. जानेवारीत सोलापूरकराला गड्ड्याच्या जत्रेशिवाय दुसरं काही सुचत नाही. म्हणून संक्रांत उलटल्यावर, मेव्हण्यांना न सांगता, मी लेकीला स्कूटरवर मागे बसवून नवी पेठ गाठली. गाडी लावायला जागा शोधण्यात गेलेल्या पाऊण तासाबद्दल मी काही लिहीत नाही. ज्याने नवी पेठेत गाडी लावलीय त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्याने लावली नाही त्याचा विश्वास बसणार नाही.

दुकानात एसी होता आणि एक चुणचुणीत पोरगा होता. मी बजेट सांगितलं. त्याने दुःखद बातमी द्यावी तसा चेहरा केला.

"मालक, वीसमधी आता काय ऱ्हायलं नाय. रॅम महागली."

"का?"

"एआय," तो म्हणाला, आणि वर बोट दाखवलं. जणू एआय दुकानाच्या माळ्यावर राहतं.

पण तो चुकीचं बोलत नव्हता. रॅम म्हणजे फोन चालू कामासाठी वापरतो ती मेमरी. जगातल्या बहुतेक मेमरी चिपा तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना तीच मेमरी पोत्याने लागते आणि ते पैसेही जास्त मोजतात. मग कारखाने आपला माल तिकडे वळवतात आणि आपल्या फोनच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. हे मला एका क्षणात कळलं, कारण आमच्या धंद्यात याला "सूत वाढलं" म्हणतात. तिकडे सूत वाढलं की इकडे चादर महागते, नाहीतर हलकी होते. गिऱ्हाइकाला महाग झालेली कळते, हलकी झालेली कळत नाही. मी पोराला विचारलं, "यात हलकं काय केलंय?"

तो गोंधळला. गिऱ्हाईक असं विचारत नसावं. सावरून त्याने एक फोन पुढे केला. "हे बघा, आठ प्लस आठ. सोळा जीबी रॅम!"

लेक कानात कुजबुजली, "बाबा, खरी आठच. पुढची आठ स्टोरेजमधून घेतलेली असते. तिला खऱ्या रॅमचा वेग नसतो."

म्हणजे डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात घालायचे आणि दोन्हीकडे जमा दाखवायची. आमच्याकडे असा ताळेबंद लिहिला तर सीए घरी पाठवतो. इथे त्याचं स्टिकर छापून फोनच्या पाठीवर चिकटवलं होतं.

कॅमेऱ्याचं प्रकरण याहून सरस. पोरगा म्हणाला, "200 मेगापिक्सेल." मी म्हणालो, "काढ फोटो." त्याने माझाच काढला. मी लेकीला विचारलं, हा फोटो 200 चा आहे का? नाही. अंधारात बरा यावा म्हणून शेजारशेजारचे सोळा ठिपके मिळून एक ठिपका धरतात. मी हातावर बोटानेच भागाकार केला. 200 भागिले 16, साडेबारा. दोनशे पानांची पंगत सांगायची आणि साडेबारा पानं वाढायची! वर पोराचा बचाव असा की सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण 200 चा फोटोही काढता येतो. काढला. त्यात माझ्या नाकावरचा देवीचा व्रण असा दिसला की मी साडेबारावर समाधान मानलं. त्याच्या शेजारी आणखी एक 2 मेगापिक्सेलचं भिंग होतं. ते कशाला, हे पोरालाही सांगता येईना. "तीन डोळे बरे दिसतात मालक," एवढंच तो म्हणाला. हे मात्र प्रामाणिक उत्तर होतं.

मग पाणी. "आयपी 68 हाय. दीड मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी काय होत नाय."

"बाळ, राहतोस कुठं?"

"जुळे सोलापूर."

"तुझ्याकडं पाणी किती दिवसांनी येतं?"

"चार... कधी पाच."

"मग दीड मीटर पाणी आणायचं कुठनं?"

तो मनापासून हसला. तेवढ्यात लेकीने वॉरंटीचा कागद वाचून दाखवला: पाणी शिरल्यास वॉरंटी नाही. त्याच कागदांच्या चळतीत आणखी एक ओळ होती, फोन शून्य ते 35 अंश तापमानात वापरावा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो. लिथियमच्या बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त खाते, हे आता मला कळलंय. माझा जुना फोन 31 टक्क्यांवर का मरायचा त्याचंही उत्तर त्यात होतं: सहा उन्हाळे तो माझ्या शर्टाच्या खिशात, स्कूटरवर, अक्कलकोट रोडला भाजला होता. त्या कागदाप्रमाणे वागायचं तर फोन सोलापुरात फक्त गड्ड्यापुरता वापरावा आणि होळीला गुंडाळून कपाटात ठेवावा. खाली त्यांनी बॅटरीचंही लिहिलं होतं: सुमारे 1000 वेळा चार्ज झाल्यावर ती 80 टक्क्यांवर येईल. रोज एकदा म्हटलं तर पावणेतीन वर्षं. अपडेट मात्र सहा वर्षं देणार. एवढं वाचल्यावर मला त्या फोनबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला. आमच्या कारखान्यातही निम्म्या लोकांचं असंच आहे. नोकरी साठपर्यंत, गुडघे पन्नासपर्यंत.

किंमत 23,599.

हा आकडा ऐकून बाकीच्यांना काय वाटेल माहीत नाही, मला आनंद झाला. मोबाइलवर 18 टक्के जीएसटी. वीस हजारांचा माल, छत्तीसशे कर, झाले 23,600, आणि गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी एक रुपया कमी. म्हणजे माझं वीस हजारांचं बजेट बरोबरच होतं, वरचे सरकारचे! आधी हा कर 12 टक्के होता. तो 18 झाला 1 एप्रिल 2020 ला. तारीख पाठ आहे कारण तेव्हा लॉकडाउन होता, फोनची सगळी दुकानं बंद होती, आणि बंद दुकानातल्या मालावरचा कर वाढल्याचं मी घरी बसून वाचलं होतं. चादरीवर 5 टक्के आहे. बावीस वर्षं चालणाऱ्या वस्तूवर 5 आणि पावणेतीन वर्षांच्या बॅटरीवर 18. असो.

"जुना देणार का? एक्सचेंजला 12,000 पर्यंत," पोरगा म्हणाला.

मी खिशातून माझा फोन काढून काउंटरवर ठेवला. त्याने तो दोन बोटांनी उचलला, बाजूचं बटण दाबलं. 34 टक्के होते. त्याच्या हातात 31 झाले आणि फोनने मान टाकली. दुकानात क्षणभर शांतता पसरली.

"सहाशे," तो हळू आवाजात म्हणाला.

"12,000 पर्यंत म्हणालास."

"सहाशे पण 12,000 च्या आतच हाय की मालक."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फोन परत खिशात घातला.

पुढे हप्त्याची गोष्ट. "नो कॉस्ट ईएमआय. सहा महिने. एक रुपया व्याज नाय." इथे मात्र पोरगा चुकीच्या माणसाशी बोलत होता. शून्य टक्के व्याज नावाची गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलंय. बँक व्याज लावतेच. कंपनी किंवा दुकानदार तेवढी रक्कम किमतीतून सूट म्हणून वजा करतो, क्रेडिट कार्डावरचा हप्ता असेल तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आपण भरतो, आणि प्रोसेसिंग फी निराळी.

मी विचारलं, "रोख दिले तर किती?"

पोरगा आत शेठकडे गेला. परत आला. "बावीस एकशे."

"म्हणजे हप्त्याने घेतला तर पंधराशे जास्त."

"जास्त नाय मालक. रोखीला पंधराशे कमी."

"मग हप्त्याला व्याज किती?"

"शून्य!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तो खोटं बोलत नव्हता, मीही बोलत नव्हतो, आणि पंधराशे रुपये मधे उभे होते. मी रोख दिले. काच, कव्हर आणि चार्जर मिळून आणखी साडेअकराशे गेले. डब्यात चार्जर नव्हता. "पर्यावरणासाठी," पोरगा म्हणाला आणि मागच्या फळीवरून तोच चार्जर वेगळ्या डब्यातून काढून दिला.

घरी पेढे आले. देवापुढे फोन ठेवून हळदकुंकू वाहिलं. कॅमेऱ्याच्या तिसऱ्या डोळ्यावरचं कुंकू लेकीने लगेच पुसून काढलं आणि तिथेच पहिली शंका यायला हवी होती.

"बाबा, सेकंदाला 120 वेळा बदलणारा पडदा आहे हा. तुम्हाला 120 हर्ट्झचं काय करायचंय?"

खरंच, काय करायचंय? मला हर्ट्झ म्हणजे कारखान्याच्या विजेचे 50 माहीत. लेकीला इंजिनीअरिंगचे प्रोजेक्ट होते. तिचा फोन तीन वर्षांचा, चांगला धडधाकट. तो तिने उदार मनाने आईला दिला. बायकोचा फोन पाच वर्षांचा, एका कोपऱ्यात तडा, पण ॲप चालतात. तो माझ्याकडे आला. आणि माझा आईला, कारण तिला अक्कलकोटच्या मावशीची पणती व्हिडिओवर बघायची होती. पूर्वी वारसा बापाकडून मुलाकडे यायचा; घड्याळ, सायकल, अंगठी, क्वचित कर्ज. फोन मात्र खालून वर चढतो. मजल्यामजल्यावर थांबत, एकेका पिढीत थोडा थोडा मरत. 22,100 रुपये मी भरले आणि माझ्या हातात आला तो बायकोचा तडकलेला फोन. त्यात रांगोळ्यांचे चौदाशे फोटो.

आईचा जुना नोकिया 1100 तिने द्यायला साफ नकार दिला. "ह्याच्यात बॅटरी हाय," म्हणाली. बॅटरी म्हणजे टॉर्च. नव्या फोनला तिचं बोट काही केल्या ओळखू येईना. लेकीने दहाही बोटं टेकवून पाहिली. चाळीस वर्षं विड्या वळल्यात तिने. बोटांवरच्या रेषा कधीच तेंदूच्या पानाबरोबर गेल्या. रेशनच्या मशीनशीही तिचं हेच भांडण आहे. शेवटी फोनचं कुलूपच काढून टाकलं.

बायकोच्या फोनमधल्या सगळ्या गोष्टी लेकीने हलवल्या, एक सोडून. तिसऱ्या दिवशी पहाटे 4:40 ला माझ्या उशीखालून आरडाओरडा सुरू झाला. पडद्यावर अक्षरं होती: "नळ". मी बायकोला हलवलं.

"अलार्म तुमच्या फोनवर वाजतोय ना," ती कूस बदलत म्हणाली. "मग तुम्हीच उठा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा ती पाण्याच्या दिवशी झोपली, तीही मोराची चादर डोक्यावरून घेऊन. मी बादल्या घेऊन बाहेर आलो, तर ओसरीत दिवा चालू. भिंतीजवळ, चार्जरच्या खाली पाट मांडून आई बसलेली. फोनला वायर लावलेली, कारण वायर काढली की 31 वर राम म्हणतो. वायर दोन हात लांब, म्हणून आईही तिथून दोन हातच. पलीकडे व्हिडिओवर अक्कलकोटची मावशी पहाटेची उठलेली.

"बरा हाय की हा फोन," आई तिला सांगत होती. "भिंतीला बांधलेला हाय, कुठं पडत नाय, कुठं जात नाय. पयल्यासारखा." मग माझ्याकडे बघून तिने फोन छातीशी धरला. "आन् तू एवढ्या पहाटे काय करूलालास बे? जा, बघ, मोटर लाव. पाणी आलंय."