नाक वर, पाय अधांतरी

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा मेसेज आला. वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेलं' असं दाखवणारे ते दोन बाण, खाली लांबलचक मजकूर आणि शेवटी त्याची स्वतःची एक ओळ: "मामा, शनिवारी स्नॉर्कल बसवून घेतोय. मग पाण्याचं टेन्शनच नाही."

हाच मजकूर त्याआधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी तिन्ही वेळा अंगठ्याने वर सरकवला होता. कुणाकुणाच्या तोंडी लागणार? पण या पोराने चार महिन्यांपूर्वी जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, घेतली आहे आणि तिच्या मागच्या सीटवर त्याची तीन वर्षांची मुलगी बसते. म्हणून हे लिहितोय.

मजकूर थोडक्यात असा. एक, स्नॉर्कल (इंजिनाला छपराच्या उंचीवरून हवा देणारी नळी) बसवला की पाणी त्याच्या तोंडाला लागेपर्यंत गाडी कितीही खोल घाला, काही होत नाही. दोन, पाण्यात गाडी बंद पडलीच तर घाबरू नका, इंजिनात पाणी गेलेलं नसतं, बिनधास्त परत सेल मारा. तीन, समोरचा वारा थेट आत घुसतो, त्यामुळे पॉवर आणि ॲव्हरेज दोन्ही वाढतं. चार, सायलेन्सरही छपरापर्यंत न्यायलाच हवा, नाहीतर पाणी उलटं चढतं. पाच, धूळ कमी जाते. सहा, पाणबुडीला आणि सैन्याच्या गाड्यांना हेच तंत्र असतं, मग शंका कसली?

माझ्या स्वतःच्या गाडीला गेली अकरा वर्षं स्नॉर्कल आहे. तेव्हा मी त्या नळीचा वैरी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या मुद्द्यापासूनच सुरू करू, कारण माणसं मरतात ती या मुद्द्यामुळे. स्नॉर्कल करतो काय? इंजिन ज्या भोकातून श्वास घेतं ते भोक मडगार्डच्या आतून उचलून छपराशेजारी नेतो. बस. गाडीचं वजन तेवढंच राहतं, दारांची रबरं तीच राहतात, टायर तिथेच राहतात. नाक वर गेलं म्हणून पाय घट्ट रोवले जात नाहीत.

गाडी म्हणजे दारं लावलेला पोकळ पत्र्याचा डबा. डबा पाण्यात घातला की काय होतं हे शाळेत शिकलोय सगळे. भाच्याच्या गाडीचा तळ ढोबळमानाने साडेसहा-सात चौरस मीटर भरेल. पाणी त्या तळाच्या वर दहा सेंटीमीटर चढलं की सहाशे-सातशे किलोंचा रेटा तिला खालून वर उचलायला लागतो. गाडीचं वजन पावणेदोन टन. पाणी आत झिरपायच्या आधी तळाच्या वर पंचवीस-तीस सेंटीमीटर चढलं, की टायरवर भार उरतच नाही. मग फोर बाय फोर काय, सिक्स बाय सिक्स काय, चाकं नुसती पाणी ढवळतात.

हे माझं कागदावरचं गणित झालं. खऱ्या गाड्या पाण्यात उतरवून कुणी पाहिलंय का, असं भाचा विचारणारच. पाहिलंय. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जल संशोधन प्रयोगशाळेने पूर्ण आकाराच्या गाड्यांवर चाचण्या केल्या, निष्कर्ष २०१७ मध्ये जाहीर झाले. टोयोटा यारिस ही सव्वा टनाच्याही आतली छोटी गाडी अवघ्या १५ सेंटीमीटर पाण्यात सरकली. पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर, म्हणजे ताशी ३.६ किलोमीटर; आपण नेहमीच्या चालीने चालतो त्याहूनही कमी. ६० सेंटीमीटरला ती पूर्ण तरंगली. ठीक, ती छोटी गाडी. मग त्यांनी निसान पॅट्रोल घेतली. अडीच टनांची, नावाजलेली, अस्सल फोर बाय फोर. तशाच वेगाच्या पाण्यात ४५ सेंटीमीटरला तिचा तोल जायला लागला. ९५ सेंटीमीटरला ती चक्क तरंगली. एका माणसाने सहज ढकलावी आणि ती जावी अशी.

आता टेप घे आणि स्नॉर्कलचं तोंड मोज. जमिनीपासून पावणेदोन-दोन मीटरवर असतं ते. म्हणजे अडीच टनांची गाडी पाण्यावर तरंगत निघाली असेल, तेव्हाही स्नॉर्कलचं तोंड पाण्यापासून पाऊण-एक मीटर वर आणि कोरडं ठणठणीत. इंजिन मजेत श्वास घेतंय आणि गाडी वाहत चाललीय! "तोंडाला पाणी लागेपर्यंत घाला" असं लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी गाडी पाण्यात घातली असेल असं मला वाटत नाही.

"पण व्हिडिओत तर बॉनेटवरून पाणी जातं तरी गाडी निघते." निघते, खरं आहे. पाणी साचलेलं असतं, वाहतं नसतं. तळ कुणीतरी चालत जाऊन तपासलेला असतो. पुढे-मागे दुसरी गाडी दोर लावून उभी असते. आणि बहुतेक वेळा पाणी दारांतून आत शिरून गुडघ्याएवढं साचलेलं असतं, म्हणूनच तर गाडी जड होऊन तळाला टेकते. नंतर कार्पेट उचलून आठ दिवस वाळवणं, सीटखालच्या वायरिंगचे कनेक्टर हिरवे पडणं, हे व्हिडिओत नसतं.

कंपन्यांचे आकडेही बघावेत. नव्या लँड रोव्हर डिफेंडरला एअर सस्पेन्शन असेल तर ९०० मिलिमीटर पाण्यापर्यंत जा, असं कंपनीच सांगते. फोर्ड रेंजरला ८००. आणि हे आकडे बाहेर नळी न लावता आहेत. उलट अर्थ असा, की त्या खोलीपर्यंत स्नॉर्कलवाचून अडत नाही आणि त्यापुढे अडतं ते फक्त हवेपाशी नाही. तुम्ही बाजारातून नळी आणून लावलीत म्हणून मॅन्युअलमधला आकडा एका मिलिमीटरने वाढत नाही.

हवेशिवाय कुठे अडतं ते मी खिशातून पैसे घालून शिकलो. स्नॉर्कल नवा होता, मस्ती होती. चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून दोनदा गेलो-आलो, इंजिनाला काही झालं नाही, छाती फुगली. महिन्याभराने मागच्या डिफरेन्शियलमधून (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यातून) कुंई असा बारीक आवाज यायला लागला. ड्रेन प्लग सोडला तर काळंभोर ऑइल यायच्या ऐवजी दुधाळ राखाडी पाणचट काहीतरी ट्रेमध्ये पडलं. कारण साधं आहे. रस्त्यावर पळून डिफरेन्शियल तापलेलं असतं, ते गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा आत-बाहेर होण्यासाठी ठेवलेल्या बारीक भोकातून, नाहीतर ऑइल सीलमधून पाणी आत ओढून घेते. गिअरबॉक्सचं आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचंही तेच. यावर उपाय म्हणजे ब्रीदरना लांब रबरी नळ्या जोडून त्या इंजिनच्या खोलीत वरपर्यंत आणणं. दिसायला काहीच दिसत नाही, म्हणून त्याचे फोटो कुणी टाकत नाही. स्नॉर्कल मात्र लांबून दिसतो.

दुसरा मुद्दा, "परत सेल मारा". हे लिहिणाऱ्याला समोर बसवून चार शब्द सुनवावेसे वाटतात.

हिशोब बघ. दोन लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन धरू. एका सिलिंडरच्या वाट्याला ५०० मिलिलिटर. कॉम्प्रेशन रेशो १६ला १. पिस्टन पार वर गेला की वर जागा उरते साधारण ३३ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर दहा मिलिलिटरची मापाची टोपी असते ना, तशा तीन टोप्या आणि वर थोडं. तेवढ्याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये असेल तर पिस्टनला वर जायला जागाच नाही, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. खालून क्रँक ढकलतोय, वरून पाणी हटत नाही. मधल्या मध्ये त्या दोघांना जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी लगेच कळतं, कधी वाकड्या रॉडवर गाडी काही दिवस चालते आणि मग एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

स्नॉर्कल आहे म्हणजे पाणी गेलेलं नसणार, ही खात्री कुणी दिली? गाडी पाण्यात बंद पडली, याचाच एक अर्थ कुठेतरी पाणी शिरलं असाही असतो. मडगार्डमधला जोड, क्लॅम्प ढिला राहिलेली होज, नीट न बसलेलं फिल्टरचं झाकण, यांतून आलेलं पाणी फिल्टरच्या डब्यात साचून वाट बघत असतं. तुम्ही सेल मारला की ते जातं थेट सिलिंडरमध्ये. त्यामुळे बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही. दोर लावून ओढून बाहेर काढायची, फिल्टर उघडून बघायचा. ओला असेल तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, पेट्रोल असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, पाणी बाहेर पडू द्यायचं. हे रस्त्याच्या कडेला जमत नसेल तर टो करून मेस्त्रीकडे न्यायची. टोचा खर्च इंजिनच्या खर्चापुढे चिल्लर आहे.

सायलेन्सरचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, पण उलट्या बाजूने. इंजिन चालू असताना अर्धा मीटर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या वीसाव्या भागाएवढा असतो. धूर तो सहज ढकलून बुडबुडे काढत राहतो. पाणी चढायला मोकळीक मिळते ती इंजिन बंद पडल्यावर. म्हणजे पुन्हा तेच, सेल मारू नका.

पॉवर आणि ॲव्हरेज? ताशी १०० किलोमीटरला समोरच्या वाऱ्याचा सगळा दाब जसाच्या तसा नळीत उतरला असं मानलं, तरी तो वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही. कच्च्या रस्त्यावर ताशी तीसला तर विचारूच नका. आणि लांब नळी, दोन वळणं, जाळी यांतून येताना हवेला अडथळा होतो तो वेगळाच. ज्या इंजिनाला टर्बो आहे त्याला ही फुंकर जाणवतसुद्धा नसेल.

धुळीचं मात्र मान्य करावं लागेल. मान्य करायला जिवावर येतं, कारण सहा मुद्द्यांतला हा एकच धड आहे आणि नेमका तोच त्यांनी तीन शब्दांत उरकलाय. चार गाड्या एकामागोमाग कच्च्या रस्त्याने जात असतील तर चाकाच्या उंचीला धुळीची भिंत असते आणि छपराच्या उंचीला हवा त्या मानाने निवळ. माझा फिल्टर पूर्वीपेक्षा बराच उशिरा काळा पडतो. मी नळी लावली ती खरं तर यासाठी, पाण्यासाठी नव्हे. आणि हो, चालताना पुढे उठणारी लाट किंवा अचानक लागलेला खड्डा यापासून इंजिन वाचतं, तेवढा दिलासा खरा. पण तो चुकून पाणी वर आलं तर असलेला दिलासा आहे, मुद्दाम खोल जाण्याचा परवाना नाही.

राहिली पाणबुडी. पाणबुडीचा श्नोर्केल मूळ डच नौदलाचा. १९४० मध्ये तो जर्मनांच्या हाती लागला आणि पुढे त्यांनी आपल्या पाणबुड्यांना बसवला. लाट आली की नळीच्या तोंडाची झडप बंद व्हायची आणि डिझेल इंजिनं पाणबुडीच्या आतलीच हवा ओढायची. खलाशांचे कान ठणकायचे. का? कारण बाकी सगळी पाणबुडी हवाबंद. तुझ्या गाडीचं मागचं दार पाऊस आला तरी गळतं, हे तूच मागच्या महिन्यात सांगत होतास. आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर शर्मन रणगाडे पाण्यातून आणले, तेव्हा हवेला आणि धुराला उंच धुराडी लावली होतीच, शिवाय एकेक फट लुकण भरून बंद केली होती. रणगाड्याचं वजन तीस टन. तो तरंगत नाही. तू तरंगशील.

हे सगळं मी त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "पण मामा, ज्याने हा मेसेज पाठवला त्याच्या गाडीला आहे. भारी फिटिंग आहे." मी म्हटलं, मग एक कर. गाडी आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसती चालू, ठेव आणि स्नॉर्कलच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा दाबून धर. हात लावू नकोस, रबरच धर. जोड पक्के असतील तर काही सेकंदांत इंजिन घुसमटून बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर ते दुसरीकडून कुठून तरी हवा घेतंय, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येतं. बहुतेक फिल्टरच्या डब्याच्या तळाला पाणी निथळायला छोटी रबरी चोच असते, ती बंद करायला फिटर हमखास विसरतात. आधी तिथे बघ.

काल संध्याकाळी त्याचा व्हॉइस मेसेज आला. मागे डिझेल इंजिनचा आवाज, संथ, एकसुरी. "मामा, अर्धा मिनिट झालं धरून. बंद पडत नाहीये."