एटीज नाइट भरवायची आहे? मग एवढं कराच

गेल्या शनिवारी एका ‘एटीज नाइट’ला, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांच्या पार्टीला, जायचा योग आला. कोणाची, कुठे ते सांगत नाही. हल्ली सगळीकडे हेच चालतं, त्यामुळे एकालाच धरून उपयोग नाही. घरी आल्यावर झोप काही लागेना. म्हटलं, पुढे ज्यांना असा कार्यक्रम करायचाय त्यांच्यासाठी चार अनुभवाचे बोल लिहून ठेवावेत.

सुरुवात यादीपासून करा. ‘तुमची फेव्हरिट दहा गाणी पाठवा’ असा मेसेज आधीच ग्रुपवर टाका. माणसं बिचारी खरंच यादी करायला बसतात हो! ‘द पोलिस’ बँडचं ‘मेसेज इन अ बॉटल’ लिहितात, मग आठवतं की ते १९७९ चं, खोडतात. डायर स्ट्रेट्सचं ‘रोमियो अँड ज्युलिएट’ घ्यावं की ‘मनी फॉर नथिंग’, यावर बायकोशी वाद घालतात. नॉर्वेच्या तीन पोरांचं ‘टेक ऑन मी’ हलकंफुलकं म्हणून वगळतात आणि रात्री अंथरुणात तीच धून गुणगुणत परत यादीत घालतात. अशा सगळ्या याद्या जमल्या, की त्यांना अंगठा दाखवणारा इमोजी द्या आणि उघडूसुद्धा नका. डीजेकडे त्याची त्याची यादी असतेच.

सालांचा बाऊ करू नका. इंग्रजी आहे आणि लहानपणी कानावर पडलंय, म्हणजे एटीज. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ १९७६ च्या अल्बममधलं, ‘डान्सिंग क्वीन’ही १९७६ चं, ‘स्टेइंग अलाइव्ह’ १९७७, ‘रासपुतिन’ १९७८. लावा बिनधास्त. पुढच्या बाजूनेही हात आखडता घेऊ नका. ‘विंड ऑफ चेंज’ची शिट्टी वाजू द्या, ‘मॅकरीना’ तर हवंच. हे नव्वदीतलं आहे असं सांगायला एखादा चष्मेवाला पुढे आला, तर त्याला स्टार्टर्सच्या टेबलाकडे पाठवा.

ड्रेस कोड : बेलबॉटम. (हो, सत्तरीतली. मग?)

सूत्रसंचालकाने ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्याबद्दल बोलायलाच हवं. ‘आपल्या पाचगणीचा पोरगा!’ असं म्हटलं की टाळ्या हमखास. खरंच आहे ते. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच शाळेच्या बँडमध्ये पियानो वाजवला. एवढं सांगून झालं, की लगेच ‘वी विल रॉक यू’च्या टाळ्या-पाय सुरू करा. १९७७ चं आहे, पण पाय आपटायला बरं. ऐंशीच्या दशकातल्या क्वीनचं नावही काढू नका. ‘अंडर प्रेशर’ची बेसलाइन चुकून लागलीच, तर नाचणाऱ्यांपैकी निम्मे, तीच बेसलाइन उचललेल्या नंतरच्या रॅप गाण्यातलं, ‘आइस आइस बेबी!’ असं ओरडतील. त्यांना तसंच ओरडू द्या.

गाण्याचा अर्थ बघण्याच्या भानगडीत पडू नका. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असलेलं जोडपं हॉलमध्ये असेल, तर त्यांना मधे उभं करून ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ लावा. सोडून गेलेल्या बाईवर एक माणूस पाळत ठेवतोय, असं ते गाणं. पोलिसच्या स्टिंगने स्वतःचं लग्न मोडत असताना लिहिलेलं. काका-काकूंना मेणबत्त्यांच्या उजेडात छान शोभतं. अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या भाच्यासाठी ‘बॉर्न इन द यूएसए’. व्हिएतनामहून परत आलेल्या, कोणी नोकरीला उभं न केलेल्या माणसाची कैफियत आहे ती, पण मुठी उगारायला सोयीची. आणि तुम्ही एकटे नाही आहात. १९८४ च्या प्रचारात खुद्द अध्यक्ष रेगनसाहेबांना हे गाणं लिहिणाऱ्या स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांत आशेचा संदेश ऐकू आला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कुठलंही गाणं दीड मिनिटाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. सुरुवात तर आधी छाटायची. ‘बिली जीन’ची सुरुवात त्याचा निर्माता क्विन्सी जोन्सलाही लांब वाटत होती. मायकेलने ऐकलं नाही, म्हणाला, तीच ऐकून तर मला नाचावंसं वाटतं. मायकेल जॅक्सनला कुठे नाचाची अक्कल होती म्हणा! आपला डीजे थेट मुखड्यावर जातो. ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’मधला स्लॅशचा गिटार सोलोही कापायचा. तो रेडिओ आणि व्हिडिओसाठी रेकॉर्ड कंपनीनेच कापला होता आणि गायक ॲक्सल रोज भडकला होता. म्हणजे आपल्यामागे मोठी परंपरा आहे.

पण खरं कौशल्य लागतं ते फिल कॉलिन्सच्या ‘इन दी एअर टुनाइट’ला. १९८१ चं गाणं. सुरुवातीपासून ड्रम मशीनची बारीक टिकटिक, धुक्यासारखे सिंथचे सूर, आणि घटस्फोटाने पोळलेल्या माणसाचा दबका आवाज. साडेतीन मिनिटं उलटतात तरी खरे ड्रम वाजतच नाहीत. आणि मग वाजतात! तसा आवाज त्याआधी फारसा कोणी ऐकला नव्हता. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गेब्रिएलच्या अल्बमचं काम चालू होतं. वादकांचं बोलणं काचेपलीकडे ऐकू यावं म्हणून टांगलेला माइक चालू होता, कॉलिन्स ड्रम बडवत होता आणि त्या माइकमधून भलताच दणका आला. साउंड इंजिनिअर ह्यू पॅडघमने तो घुमारा पकडला आणि विरायच्या आत ‘गेट’ (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की बंद करणारं यंत्र) लावून खटकन तोडला. पुढे अख्ख्या दशकाचे ड्रम असेच वाजले. तर हे गाणं शनिवारी लागलं. दीड मिनिट गेलं, दोन गेली, डीजे फोनवर काहीतरी बघत होता म्हणून वाचलं. आम्ही चार-पाच पांढऱ्या केसांचे लोक हातातले ग्लास खाली ठेवून उभे. हात हवेत. तिसरं मिनिट गेलं. आता येणार... आणि त्याने फोन ठेवला, ‘मेक सम नॉइज पुणेऽऽ’ म्हणत दुसरं गाणं चढवलं. अरे! ओळीने सगळ्या आरत्या म्हणायच्या आणि ‘घालीन लोटांगण’च्या तोंडावर टाळ काढून घ्यायचे? मी जाऊन विचारलं. तो म्हणाला, ‘अंकल, स्लो आहे, क्राउड बसतो. पूर्ण ऐकायचं तर घरी ऐका ना.’

घरीच ऐकतो बाबा. रोज ऐकतो. मग बोलावता कशाला?

सूचना-बिचना बस झाल्या. तुम्हाला त्या गाण्यांशी काही देणंघेणं नाही, तुम्हाला विग घालून फोटो काढायचेत. काढा, कोणी नको म्हटलंय? पण मग आमंत्रणावर ‘विग पार्टी’ लिहा. आम्ही दुकानात कोरी कॅसेट आणि हाताने लिहिलेली यादी देऊन आठवडाभर वाट बघायचो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू संपली की गाणं मधेच तुटायचं, टेपच संपायची, इलाज नव्हता. तुमच्या लॅपटॉपवर तेच गाणं अख्खं पडलंय. फुकट. आणि ते तुम्ही स्वतःच्या हाताने तोडता, कारण साडेतीन मिनिटं कोणी नाचलं नाही तर तुम्हाला घाम फुटतो. लाज वाटली पाहिजे. पुढच्या वेळी एक गाणं शेवटपर्यंत लावा. एकच. आणि त्या डीजेला सांगा, ड्रम वाजेपर्यंत हात खिशात ठेव.